बिलावरचं ‘टॅब्युलेशन’ म्हणजे काय?

तुमच्या वहीतल्या नोंदी आम्ही संगणकात भरून देतो. त्या कामाच्या आमच्या बिलात ‘टॅब्युलेशन’ या नावाने एक रक्कम असते. ती कशाची, असं सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखानदार आम्हाला नेहमी विचारतात. विचारायलाच हवं, पैसे तुमचे आहेत.

विखुरलेल्या नोंदी आडव्या ओळी आणि उभ्या रकान्यांत नीट बसवणं म्हणजे टॅब्युलेशन, मराठीत सारणीकरण. मूळ लॅटिन शब्द ‘टॅब्युला’, म्हणजे फळी किंवा लिहायची पाटी. आपला ‘तक्ता’ फारसीतून आला, त्याचाही मूळ अर्थ फळीच. ‘कोष्टक’ मात्र संस्कृत ‘कोष्ठ’वरून, म्हणजे खोली, कोठार. आमच्या कामाला हाच शब्द जास्त चपखल बसतो, कारण एका घरात एकच गोष्ट ठेवायची असते.

यंत्राशी हा शब्द जोडला गेला तो हर्मन हॉलरिथ या अमेरिकन संशोधकामुळे. अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेचे आकडे हाताने मांडता मांडता जवळपास आठ वर्षं गेली. १८९० ला हॉलरिथची यंत्रं आली. माणशी एक कार्ड, माहितीप्रमाणे त्यात भोकं, आणि ती मोजणारं यंत्र. १८९६ साली त्याने टॅब्युलेटिंग मशीन कंपनी काढली; पुढे इतर कंपन्यांत मिसळून १९२४ पासून तीच आयबीएम झाली. पण कुठल्या भोकाचा अर्थ काय, हे आधी माणसालाच ठरवावं लागे. आजही तेच आहे, आणि आमची खरी मेहनत तिथेच लागते.

वहीत एक ओळ असते: ‘३० बाय ६० गुलाबी ४ डझन ६ नग, पैकी १ डझन परत.’ तुम्हाला एका नजरेत कळतं. संगणकाला मात्र ही नुसती अक्षरं, त्यांची बेरीज होत नाही. आम्ही माप एका रकान्यात, रंग दुसऱ्यात, नग तिसऱ्यात घालतो: ५४. परत आलेला डझन वेगळ्या ओळीत, त्याच्या तारखेसह, उणे १२. एवढं झालं की गुलाबी माल किती खपला, कुठल्या पार्टीकडून जास्त परत येतो, हे लगेच निघतं. टायपिंगला फारसा वेळ लागत नाही, ही फोड करायला लागतो.

कोरं घर आणि शून्य यांतही फरक आहे. कोरं म्हणजे नोंदच नाही. शून्य म्हणजे माल गेलाच नाही. वहीत दोन्हीकडे रेघच ओढलेली असते, म्हणून आम्ही फोन करून विचारतो. आमच्या मनाने आकडा भरत नाही. त्या फोनचा राग मानू नका.

वही देताना पहिल्या पानावर मापं, रंग आणि पार्ट्यांची नावं लिहून द्या. ‘राणी’ आणि ‘गुलाबी’ तुमच्याकडे एकच की वेगळे, हेही. तेवढं आधी मिळालं तर आमचे तास वाचतात आणि बिलातली ही रक्कमही कमी होते.