रिमांडच्या वेळचे दोन प्रश्न

मॅजिस्ट्रेट कोर्टात रिमांडची, म्हणजे अटक झालेल्याला आणखी कोठडीत ठेवायचं का हे ठरवण्याची, प्रकरणं निघाली की आरोपीला पुढे बोलावून साधारणपणे दोन प्रश्न विचारले जातात. पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? वकील दिला आहे का? अनेक जण दोन्ही प्रश्नांना ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. शेजारी पोलीस उभा असतो, रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसतो आणि बोललो तर पुढे काय होईल याची धास्ती असते. तेवढ्यात पुढचा पुकारा होतो. पोलीस कोठडी की न्यायालयीन कोठडी, म्हणजे कोर्टाच्या बोलीत पीसीआर की एमसीआर, हे त्या दोन-चार मिनिटांत ठरून गेलेलं असतं.

हे प्रश्न केवळ उपचार म्हणून विचारले जात नाहीत. त्यांच्यामागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. ज्याच्यावर तिथे उभं राहायची वेळ येईल त्याला, आणि त्याच्या घरच्यांनाही, हा इतिहास ठाऊक असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात कलकत्त्यापासून करावी लागते. १७७५ साली तिथल्या नव्या सर्वोच्च न्यायालयात महाराजा नंदकुमार यांच्यावर बनावट दस्तऐवजाचा खटला चालला. समोर मुख्य न्यायाधीश एलिजा इम्पे आणि इंग्रज ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणारे नागरिक. नंदकुमारांना वकील होता, थॉमस फॅरर. पण त्या काळच्या इंग्रजी कायद्यानुसार अशा गंभीर गुन्ह्यात आरोपीच्या वकिलाला साक्षीदार तपासता येत, कायद्याचा मुद्दा काढता येई. ज्युरीसमोर उभं राहून आरोपीच्या वतीने भाषण मात्र करता येत नसे. ५ ऑगस्ट १७७५ रोजी नंदकुमारांना फाशी दिली गेली. खुद्द इंग्लंडमध्ये ही बंदी उठायला १८३६ साल उजाडलं. आरोपीच्या वकिलाने पूर्ण तोंडाने बोलणं ही तशी अलीकडची गोष्ट आहे.

दुसरा धागा मद्रास इलाख्यातला. महसूल वसुलीसाठी आणि गुन्हा कबूल करवण्यासाठी लोकांचा छळ होतो, या तक्रारींची चौकशी करायला तिथे आयोग नेमला गेला. १८५५च्या त्याच्या अहवालाने छळाची कबुली सरकारी कागदावर आणली. त्यानंतर १८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, आणि पुढे १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात कलम २५ म्हणून, एक नियम आला: पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. आज तोच नियम भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. परक्या राज्यकर्त्यांनीही आपल्याच पोलिसांवर इतका अविश्वास दाखवला, यावरूनच परिस्थिती काय असेल ते समजावं. त्यातली एक पळवाट मात्र तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात येतो. ‘निवेदन पंचनामा’ नावाचा कागद त्यासाठीच केला जातो. कोठडीत न वाचता केलेली सही पुढे जड जाते ती इथे.

आपल्याकडे फौजदारी बचावाचं नाव निघालं की टिळकांचे राजद्रोहाचे खटले आठवतात, आणि ते योग्यच आहे. १८९७ मध्ये बॅरिस्टर दिनशा दावर यांनी टिळकांच्या जामिनासाठी बाजू मांडली आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. खटल्यात सहा युरोपियन ज्युरर दोषी म्हणाले, तीन भारतीय निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १९०८ मध्ये तेच दावर न्यायाधीशाच्या खुर्चीत होते. या वेळी जामिनासाठी उभे राहिले बॅरिस्टर जिना, आणि दावरांनी अर्ज फेटाळला. टिळकांनी स्वतःच बाजू मांडायचं ठरवलं. एकवीस तासांहून अधिक वेळ ते बोलले. लेख मराठी आणि ज्युरी भाषांतरावर विसंबलेली, म्हणून एकेका शब्दाच्या अर्थासाठी ते झगडले. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी, सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा. ज्युरीने दोषी ठरवलं तरी मी निर्दोष आहे, हे त्यांचे शब्द आज मुंबई उच्च न्यायालयात कोरलेले आहेत.

या खटल्यातला एक पैलू मला जास्त महत्त्वाचा वाटतो. टिळकांनी कायद्याची पदवी घेतली होती, ते कायद्याचा वर्गही चालवत. एवढ्या जाणकार माणसालाही भाषांतराची भिंत ओलांडता आली नाही. ज्याला आपल्यावरचं कलमसुद्धा कळत नाही, त्याने एकट्याने उभं राहून काय करावं?

१८९८च्या संहितेत कलम ३४० होतं: फौजदारी न्यायालयात आरोपीला वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क राहील. (आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हाच हक्क पुन्हा कलम ३४० मध्ये आला आहे, हा योगायोग.) पण हक्क म्हणजे, वकील आणलात तर त्याला अडवणार नाही, एवढंच. फी कुठून आणायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

घटना लिहिताना हा विषय वेगळ्या वाटेने आला. जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलमातून ‘योग्य कायदेशीर प्रक्रिया’ ही शब्दयोजना वगळली गेल्यावर टीका झाली. तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत १५-अ हे नवं कलम मांडलं. अटकेची कारणं सांगणं, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणं आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करणं ही बंधनं त्यातून आली. तेच आजचं अनुच्छेद २२. आंबेडकर स्वतः फौजदारी कोर्टात आरोपींच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते. १९३४ मध्ये अश्लीलतेच्या खटल्यात त्यांनी र. धों. कर्व्यांची बाजू मांडली होती. तो खटला ते हरले. आरोपीच्या पिंजऱ्याशेजारी उभं राहिलेल्या माणसाने ही तरतूद मांडली, हे विसरू नये.

तरीही १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुनाच अर्थ कायम ठेवला. वकील देणं ही न्यायालयाची जबाबदारी नाही, संधी नाकारली नाही म्हणजे पुरे, असा त्या काळच्या निकालांचा सूर होता. मुंबईत मात्र विचार पुढे सरकला होता. गरिबांना कायद्याची मदत कशी द्यावी याचा अभ्यास करायला मुंबई सरकारने १९४९ मध्येच न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांची समिती नेमली. पुढे त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी या विषयाचा कायापालट केला.

१९७३च्या संहितेने सत्र न्यायालयातल्या गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील दिला. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत विधी साहाय्याचं अनुच्छेद ३९-अ आणलं. खरी कलाटणी मिळाली ती १९७८ ते १९८६ या आठ वर्षांत, आणि तिची सुरुवात महाराष्ट्रातल्याच एका कैद्याच्या अर्जाने झाली. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत १९७३ मध्ये येरवडा कारागृहाकडे पाठवली होती. ती आपल्या हातीच पडली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तेव्हा चार वर्षांहून अधिक उशीर झाला होता आणि शिक्षा भोगून संपली होती. त्याला स्वतःला काहीच मिळालं नाही, अर्ज फेटाळला गेला. पण ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठरवून दिलं की कैद्याला निकालाची प्रत मोफत मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी गरज असेल तर वकीलही सरकारने दिला पाहिजे.

१९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरण आलं. बिहारच्या तुरुंगांत असे कच्चे कैदी होते, की गुन्हा सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ ते आत होते. जलद खटला आणि मोफत वकील ही दोन्ही अनुच्छेद २१ची, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काची, अंगं आहेत, असं न्यायालयाने म्हटलं.

त्यानंतर बिहारमधलंच भागलपूर. कोठडीतल्या माणसांचे डोळे फोडून त्यांत ॲसिड ओतलं गेलं होतं. त्यांना मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं तेव्हा वकील का दिला नाही, या प्रश्नावर उत्तर मिळालं की कोणी मागितलाच नाही. मला या साऱ्या इतिहासातलं हेच उत्तर सर्वांत भयंकर वाटतं. न्यायमूर्ती भगवतींनी ‘खत्री’ निकालात सांगितलं की हा हक्क खटला सुरू झाल्यावरचा नाही, पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे आणल्या क्षणापासूनचा आहे. तो आरोपीला सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं काम आहे. आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. १९८६ मध्ये अरुणाचलच्या सुक दास प्रकरणात याच कारणाने शिक्षा रद्द झाली. आरोपीने वकील मागितला नव्हता हे खरं, पण मागता येतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. वकिलाबद्दलचा प्रश्न आला तो इथून.

तक्रारीबद्दलचा प्रश्न मुंबईचा आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या महिला कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८३च्या निकालात महिलांसाठी वेगळ्या कोठड्या, अटकेची खबर विधी साहाय्य समितीला देणं, आणि हजर केलेल्या प्रत्येकाला ‘पोलिसांकडून छळ झाला का’ असं मॅजिस्ट्रेटने विचारणं, असे आदेश निघाले. या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येतं आणि लगेच वैद्यकीय तपासणी मागता येते. तो त्यासाठीच आहे.

नकोशा आरोपीला वकील मिळावा का, हा वादही महाराष्ट्राने जवळून पाहिला. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर कसाबचं वकीलपत्र घेऊ नये असे ठराव मुंबईत झाले. नेमणूक झालेल्या वकील महिलेच्या घरासमोर जमाव गेला. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. पण २०१० मध्ये, तमिळनाडूतल्या एका वेगळ्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने वकील संघटनांचे असे ठराव बेकायदा आणि निरर्थक ठरवले. २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबची फाशी कायम करतानाच न्यायालयाने देशभरातल्या मॅजिस्ट्रेटना बजावलं: पहिल्या हजेरीतच आरोपीला वकिलाचा हक्क सांगा, चुकलात तर खातेनिहाय कारवाईला पात्र ठराल.

वकील नेमला म्हणजे बचाव झाला, असं मात्र नाही. मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि दोन आठवड्यांच्या आत फाशी सुनावली गेली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून फेरसुनावणी घ्यायला सांगितली. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षांचा अनुभव असलेला वकील द्यावा आणि तयारीला साधारणपणे निदान सात दिवस द्यावेत, असं तेव्हा ठरलं. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या २००३च्या गुन्ह्यात फाशी झालेले भटक्या जमातीतले सहा जण निर्दोष सुटले. २००९ मध्ये याच न्यायालयाने सहाही जणांची फाशी पक्की केली होती. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या फोटोंमधून वेगळीच चार माणसं ओळखली होती. आयुष्याची सोळा वर्षं गेल्यावर त्या ओळखीला वजन मिळालं. फौजदारी वकिलाचं मुख्य काम हेच असतं: दोषारोपपत्राचं पान न् पान वाचणं. कोर्टातली जोरदार भाषणं फार नंतरची.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. कलमांचे आकडे बदलले, हक्क बहुतांशी तेच राहिले. चौकशीदरम्यान, सबंध वेळ नसला तरी, वकिलाला भेटता येतं. साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, पण त्यासाठी ते दाखल होण्याआधी अर्ज करावा लागतो. १८९८च्या संहितेत तपासासाठी पंधराच दिवस होते. आजच्या मुदती १९७८च्या दुरुस्तीतून आल्या. एक बदल आरोपीच्या विरोधात गेला आहे: पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. एमसीआर झाली म्हणजे पोलिसांकडून सुटलो, हा जुना दिलासा त्यामुळे उरला नाही. उलट पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनाची वाट खुली झाली आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त खटले असलेले मात्र यातून वगळले आहेत.

मोफत वकिलासाठी कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू असलेल्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीत असणं हीच पात्रता आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही उत्पन्नाची अट नाही. अनेक जिल्हा न्यायालयांत आता आरोपींना मोफत वकील देणारं लोकअभिरक्षक कार्यालय आहे आणि १५१०० हा विधी साहाय्याचा क्रमांक घरचेही फिरवू शकतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये, पुन्हा मुंबईतल्याच एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणं लेखी द्यावी लागतील आणि तीही अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत. लगेच देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. मराठी माणसाच्या हाती मराठीत लिहिलेला तो कागद पडला, की दोन तास मिळतात: वकिलाला बोलवायला, कागद त्याला दाखवायला आणि त्या दोन प्रश्नांना काय उत्तर द्यायचं ते ठरवायला.