गेन वेगळा, फेडर वेगळा: वाजवता वाजवता मिक्सर सांभाळणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या हॉटेलांत नि बारमध्ये वाजवणाऱ्या बहुतेक बँडना वेगळा साउंडवाला परवडत नाही. कीबोर्डवाला नाहीतर गिटारवालाच मिक्सर शेजारी ठेवतो आणि एक मराठी, एक कन्नड फर्माइश यांच्यामध्ये वेळ मिळेल तसा हात मारतो. त्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो चॅनलच्या, म्हणजे मिक्सरवरच्या एकेका माइकच्या किंवा वाद्याच्या पट्टीच्या, वरच्या टोकाचा गेनचा नॉब आणि खालची सरकपट्टी म्हणजे फेडर यांच्यात. दोन्हींनी आवाज वाढतो, म्हणून दोन्ही एकच असं धरलं जातं.

माइकमधून येणारा सिग्नल अगदी दुबळा असतो, काही मिलिव्होल्टचा. गेन त्याला मिक्सरमध्ये शिरतानाच कामापुरता मोठा करतो. पुढे वाटा फुटतात. एक फेडरवरून मेन स्पीकरला जाते, दुसरी ऑक्स नावाच्या वेगळ्या नॉबवरून स्टेजवरच्या मॉनिटरला, म्हणजे वाजवणाऱ्यांनी स्वतःला ऐकायच्या स्पीकरला. मॉनिटरचा ऑक्स सहसा प्री-फेडर ठेवतात, म्हणजे तो सिग्नल फेडरच्या आधीच घेतो, त्यामुळे फेडर कितीही हलवला तरी मॉनिटर तसाच राहतो. गेन म्हणजे हिडकल धरणाचा दरवाजा समजा; तो उचलला की पाणी सगळ्याच कालव्यांना वाढतं. फेडर हे एकाच कालव्याचं फाटक.

आता गाणारा मागे वळून म्हणतो, "मला ऐकू येईना, जरा वाढव की." घाईत हात गेनवर जातो. ६ डेसिबल गेन वाढला की मेनमध्ये ६ वाढले, मॉनिटरमध्येही ६ वाढले. त्या माइकमध्ये शिरणारा ड्रमचा आवाजही तेवढाच वर आला. मॉनिटर गायकाच्या तोंडाकडे रोखलेला असतोच; त्याचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू. खाली फरशी, वर बुटकं छत, एका बाजूला काच असा हॉल असला तर आणखी लवकर.

त्याला हवा होता फक्त त्याच्या चॅनलचा ऑक्स. पब्लिकला ऐकू येत नसेल तर फेडर. गेनला या दोन्हींत काही काम नाही.

स्टेजवरून मिक्स करणाऱ्याला हा फरक जास्त भोवतो, कारण तो मेन स्पीकरच्या मागे उभा असतो. ट्रेबल पुढे जातो आणि मागे बेसचं घुमणं उरतं. त्यामुळे गायकीचे शब्द त्याला नेहमीच दबल्यासारखे वाटतात आणि हात सारखा वर जातो. अशा वेळी कानापेक्षा मीटरवर भरवसा ठेवा. साउंडचेकच्या वेळी, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या चाचणीत, बाकीच्यांना वाजवत ठेवून एकदा हॉलच्या शेवटच्या टेबलापर्यंत चालत जाऊन ऐका. ही एक फेरी कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा जास्त शिकवते, असं माझं ठाम मत आहे.

गेन लावायचा तो चेकलाच. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" यावर लावू नका. गायकाला गाण्यातली सगळ्यात चढी ओळ खऱ्या जोरानं म्हणायला लावा. फेडर खाली ठेवा, पीएफएलचं, म्हणजे फेडरच्या आधीचा सिग्नल मीटरवर दाखवणारं, बटण दाबा, मीटर बघा. अ‍ॅनालॉगवर काटा ० च्या आसपास खेळावा, लाल दिवा लागू नये. डिजिटलवर सरासरी उणे १८ च्या आसपास ठेवा. रंगात आलेला गायक चेकपेक्षा जोरात गातो, तेवढी जागा वर शिल्लक हवी. इथे आवाज फाटला तर फेडर खाली ओढून तो दुरुस्त होत नाही. फाटका आवाज हळू ऐकू येतो, एवढंच.

मग फेडर ० च्या खुणेजवळ आणा. तिथे बोटभर हलवलं तर थोडेच डेसिबल बदलतात, तळाशी तेवढ्याच हालचालीत मोठी उडी बसते. एका हातानं कॉर्ड धरून दुसऱ्यानं फेडर सरकवणाऱ्याला ही बारीक जागा फार मोलाची. गायकीचा फेडर तळाशीच ठेवावा लागत असेल तर गेन जास्त आहे. पूर्ण वर नेऊनही आवाज पुरत नाही आणि मागे सुरसुर येते, तर कमी आहे.

मध्येच हळू आवाजाचा पाहुणा गायक आला आणि गेन वाढवावाच लागला, तर आधी त्या चॅनलचा ऑक्स नि फेडर खाली घ्या, मग गेन चढवा, शेवटी फेडर हळूहळू वर. तो उतरला की सगळं पहिल्या खुणेवर. त्यासाठी नॉबशेजारी पेन्सिलीची खूण किंवा टेपचा तुकडा पुरतो.

खानापूरकडे पावसाळ्यात पत्र्याच्या शेडवर सर कोसळली की सगळा बँडच दबतो. तेव्हा एकेक चॅनल चाळत बसू नका, मेन स्पीकरचा एकत्र आवाज सांभाळणारा मास्टर फेडर थोडा वर घ्या. आपसांतला तोल तसाच राहतो. उलट दिशेलाही तेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे लॉनवरचा कार्यक्रम त्याआधीच आवरावा लागतो. बंद हॉलमध्ये त्यानंतर वाजवत असाल आणि मालकानं हात खाली करून खूण केली, तर मास्टरच खाली घ्या. मॉनिटर आहेत तिथेच राहतात आणि गायकाचा सूर सुटत नाही.