ब्रशने फट वाढत नाही, पण तार मात्र तुटते

आमच्या फोंड्यातल्या एका काकूंनी इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दोन दातांमधली फट साफ करायचा बारीक तारेवरचा ब्रश, महिनाभर वापरला आणि सोडून दिला. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "अरे, तार घालून घालून फटी रुंदावल्या माझ्या. आरशात दिसतंय ना!" दिसलं ते खरंच होतं, पण त्याचं कारण त्यांनी भलतंच लावलं. हा समज फार्मसीच्या काउंटरपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो.

दोन दातांमधली तिकोनी जागा हिरडीच्या टोकाने भरलेली असते. तिथे प्लाक, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, साचून राहिला की हिरडी सुजते आणि फट झाकून टाकते. रोज साफसफाई सुरू झाली की सूज उतरते आणि मुळात होतीच ती फट उघडी पडते. जुन्या आजारात हाड झिजलेलं असेल तर ती जास्तच मोठी दिसते. दात जागचे हललेले नसतात. पहिले आठ-दहा दिवस थोडं रक्त येतं तेही बहुधा या सुजेमुळेच, आणि नेमकं ते पाहूनच लोक ब्रश टाकून देतात. डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हॅरल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं होतं. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात सुधारल्या.

घोटांचं, म्हणजे छोट्या रानआंब्यांचं, सांसव चोखलं की दातांत अडकलेला धागा लगेच जाणवतो, तारल्याचा काटाही जाणवतो. त्यासाठी आपण काडी शोधतो. प्लाक मात्र टोचत नाही, म्हणून राहून जातो. साधा ब्रश दाताच्या पुढच्या, मागच्या आणि चावण्याच्या बाजूला पोचतो, शेजारच्या दाताला लागून असलेल्या दोन बाजू तशाच राहतात. फ्लॉस, म्हणजे दातांमधून ओढायचा बारीक दोरा, तिथे जातो, पण दाढा-उपदाढांच्या बाजू सपाट नसतात. वरच्या पहिल्या उपदाढेला तर सुळ्याकडच्या बाजूने चांगली खोलगट खाच असते. करवंटीच्या तोंडावर सुंभ ताणून धरला तर तो काठांना टेकतो, तळाला नाही. फ्लॉसचं तिथे तसंच होतं. इंटरडेंटल ब्रशचे केस मात्र खाचेत शिरतात.

म्हणून ब्रश म्हणजे जादू असं नव्हे. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2019 सालच्या आढाव्यानुसार नेहमीच्या घासण्याला फ्लॉस किंवा इंटरडेंटल ब्रशची जोड दिली तर हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, आणि ब्रश कदाचित फ्लॉसपेक्षा सरस ठरेल. पण हा पुरावा फार भक्कम नाही, असंही तिथेच म्हटलं आहे. जाहिरातींना असलं 'कदाचित' परवडत नाही. आणि रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातला किडा काढून दाखवणाऱ्यांबद्दल काय बोलावं? दातात किडा नसतोच, तर काढणार काय?

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. तो ब्रश का मोडतो? बहुतेकांचा मोडतो तो मुठीपाशी, जिथे तार प्लास्टिकमधून बाहेर पडते तिथे. दाढेपर्यंत पोचायला आपण तार काटकोनात वाकवतो, काम झालं की सरळ करतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तार वाकते तेव्हा बाहेरचा कड ताणला जातो आणि आतला दाबला जातो. हा ताण तारेची त्रिज्या भागिले वळणाची त्रिज्या इतका असतो. म्हणजे वळण जितकं टोकदार, तितका ताण जास्त. तो एका मर्यादेपलीकडे गेला की धातूच्या स्फटिकांमधले दोष सरकू लागतात, एकमेकांत अडकतात, तार तिथे कडक होते आणि हळूहळू सूक्ष्म तडा पडतो. किती वेळा वाकवल्यावर तुकडा पडेल, याचं गणित कॉफिन आणि मॅन्सन या दोन अभियंत्यांनी 1950च्या दशकात स्वतंत्रपणे मांडलं. त्यात तुटेपर्यंतच्या फेऱ्या प्लास्टिक विकृतीच्या साधारण वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जातात. इथे प्लास्टिक म्हणजे मुठीचं प्लास्टिक नव्हे, धातूत कायम राहणारा वाक. व्यवहारात सांगायचं तर ही विकृती निम्मी केली की तार तिप्पट-चौपट टिकते. तेव्हा वाकवायचीच असेल तर बोटाने एकदाच, लांब आणि हलका बाक द्या, आणि तो तसाच राहू द्या. आत घातल्यावर ब्रश पिळू नका. दाढांसाठी वाकड्या डोक्याचा लांब दांड्याचा ब्रश मिळतो, तो तर सगळ्यांत बरा.

माप चुकलं तरी तारच वाकते. पाकिटावर 0 ते 8 असा आयएसओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाचा, आकडा असतो. तार न वाकता ब्रश किती बारीक भोकातून जातो, त्यावर तो ठरतो: 0 म्हणजे 0.6 मिलिमीटरपर्यंत, 8 म्हणजे 2.9 पासून पुढे. रंगावर जाऊ नका, तो कंपनीगणिक बदलतो. केस किंचित अडखळत जायला हवेत, पण तार दाताला घासता कामा नये. एकाच तोंडात दोन-तीन मापं लागणं नेहमीचंच आहे. जिथे जातच नाही तिथे रेटू नका, त्या फटीला फ्लॉस. रोज एकदा, शक्यतो रात्री, पेस्ट न लावता, प्रत्येक फटीत दोन-चार वेळा आत-बाहेर करा. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, असेल तर तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेलाच ब्रश घ्या. दोन आठवड्यांनंतरही रक्त येत असेल तर दाताच्या डॉक्टरला दाखवा. बांबोळीला गोवा डेंटल कॉलेज आहेच.

बदलायचा कधी? केस आडवे झाले, झडले किंवा तारेवर कायमची घडी दिसली की त्याच दिवशी. रोज वापरणाऱ्याचा एक ब्रश बहुधा आठवडा-दोन आठवडे जातो. धुऊन, झटकून उघडाच ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो टोपणाखाली सकाळपर्यंत ओलाच राहतो.