भोगवे-निवतीला जाण्यासाठी गाडी ठरवताना आधी तिथी पाहावी

भोगवे, निवती, खवणे या वेंगुर्ले तालुक्यातील शांत किनाऱ्यांसाठी कोल्हापूरहून गाडी ठरवताना आमचे ग्राहक भाडे विचारतात, गाडीत किती जण बसतील हे विचारतात. तिथी मात्र क्वचितच कोणी विचारतो, आणि सहलीचा निम्मा दिवस वाया जातो तो बहुधा त्याच कारणाने.

कोकणात पूर्वापार चालत आलेला हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. आता पौर्णिमेच्या रविवारी सकाळी सहाला कोल्हापूर सोडले, तर राधानगरी, फोंडा घाट, कुडाळ या मार्गाने साधारण पाच तासांनी आपण पोहोचतो ते ऐन भरतीत. वाळूचा पट्टा अरुंद झालेला असतो, खडकांना वळसा घालून पलीकडे जाण्याची वाट पाण्याखाली असते, आणि या किनाऱ्यांवर वेळ काढण्यासाठी मोठी उपाहारगृहे नाहीत. गेल्या हिवाळ्यात एका कुटुंबाने असेच तीन-चार तास सुरूच्या झाडांखाली बसून काढले. पाणी ओसरल्यावर मुले निघेनात, आणि परतताना दाजीपूरच्या जंगलातला रस्ता गडद अंधारात लागला. तेथे रात्री गवे रस्त्यावर येतात, म्हणून आमचे चालक वेग अगदी कमी ठेवतात. घरी पोहोचायला मध्यरात्र उलटली.

म्हणूनच निघण्याची वेळ आम्ही सुचवतो, आणि ती कधी पहाटे चारची असते, कधी दुपारी बाराची. काहींना हा आमचा हट्ट वाटतो. अष्टमी ते द्वादशी या तिथींना मात्र सकाळी सहाला निघणेही सोयीचे ठरते, कारण आपण पोहोचतो तेव्हा पाणी उतरत असते. अंबाबाईचे दर्शन आणि मिसळ उरकून निघायचे असल्यास तसे आधी सांगावे, म्हणजे वेळ त्याप्रमाणे बसवता येईल. अमावास्या-पौर्णिमेला मुक्कामी जाणे आम्हाला सर्वांत योग्य वाटते: संध्याकाळची ओहोटी मिळते, सूर्यास्त वाळूवरून पाहता येतो आणि घाट दिवसाउजेडी उतरता-चढता येतो. मुक्कामासाठी गावातील घरगुती खोल्या आणि मालवणी जेवण आम्ही आदल्या दिवशी सांगून ठेवतो. माणसे मोजूनच मासळी आणली जात असल्याने ऐनवेळी आकडा वाढवू नये.

गाडी वाळूवर उतरवण्याचा आग्रह कृपया धरू नये. ओली वाळू वरून घट्ट दिसते, पण चाक एकदा रुतले की भरतीचे पाणी थांबत नाही, आणि खाऱ्या पाण्याने गाडीचे होणारे नुकसान भाड्याच्या कितीतरी पट असते. भोगव्याच्या उत्तर टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते. तेथे प्रवाहाला ओढ असल्याने ओहोटीतही पोहायला उतरू नये.

जून ते सप्टेंबर या काळात आम्ही या किनाऱ्यांच्या सहली घेत नाही. एरवी दूरध्वनी करताना तारखेसोबत दिनदर्शिकेतील तिथीही सांगितल्यास निघण्याची वेळ आम्ही त्याच संभाषणात निश्चित करून देऊ. पहाटे लवकर निघण्यासाठी जादा आकार घेतला जात नाही.