सिस्कोचा # आणि जुनिपरचा #

सिस्को आणि जुनिपर ही राउटरमधली (नेटवर्क एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रांमधली) दोन नावं. सिस्कोवर हात बसलेल्या माणसापुढे जुनिपरचा राउटर आला की पहिला घोळ कमांड टाइप करायच्या ओळीतल्या # या खुणेपाशीच होतो. सिस्कोच्या आयओएस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये साधारणपणे लॉगिन झाल्यावर > दिसतो आणि 'एनेबल' दिलं की #. हा # म्हणजे नुसते वाढीव अधिकार. सगळं बघता येतं, राउटर रीलोड करता येतो, पण तुम्ही अजून कॉन्फिगरेशन मोडमध्ये, म्हणजे सेटिंग बदलायच्या जागी, नाही. त्यासाठी 'कॉन्फिगर टर्मिनल' द्यायचं (टाइप करताना सगळे 'कॉन्फ टी'च करतात), मग # च्या आधी कंसात 'कॉन्फिग' उमटतं.

जुनिपरच्या जुनोस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये 'एनेबल' हा प्रकारच नाही. कोणाला काय करता येईल हे त्याच्या लॉगिन क्लासवर (खात्याला दिलेल्या अधिकारांच्या गटावर) ठरतं. > म्हणजे ऑपरेशनल मोड (बघण्या-तपासण्याचा), आणि 'कॉन्फिगर' दिलं की थेट #. म्हणजे सिस्कोत # दिसला तर कॉन्फिगरेशन अजून एक पायरी पुढे आहे, जुनिपरमध्ये तुम्ही त्यातच उभे आहात. रूटने (सर्वाधिकार असलेल्या खात्याने) आलात तर आधी % दिसेल, नव्या आवृत्त्यांत #ही; ते शेल, म्हणजे राउटरच्या आतली युनिक्सची कमांड लाइन, तिथून 'सीएलआय' टाकून > वर यायचं.

खुणांची सवय चार दिवसांत होते. महागात पडतो तो एंटर.

समजा, लांबच्या शाखेतल्या राउटरवर एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आलात आणि ज्या इंटरफेसवरून (पोर्टवरून) आलात त्याचाच आयपी बदलायचा आहे. सिस्कोत नवा 'आयपी अ‍ॅड्रेस' टाकून एंटर दाबला की तो त्याच क्षणी लागू होतो, जुना जातो आणि तुमचं सेशन तिथेच लटकतं. नवा डीफॉल्ट रूट (बाहेर जायची ठरलेली वाट) टाकायचा राहिलेलाच असतो. म्हणून जाणती मंडळी आधी 'रीलोड इन १०' देऊन ठेवतात. अडकलो तर दहा मिनिटांनी राउटर रीबूट होऊन जुन्या स्टार्टअप कॉन्फिगवर (सेव्ह केलेल्या सेटिंगवर) येतो. जमलं तर 'रीलोड कॅन्सल'. अट एकच, मधे सवयीने 'राइट' (सेव्ह करायची कमांड) द्यायचं नाही. उपाय चालतो, पण तो ओबडधोबड आहे, कारण रीबूट होताना शाखेचं सगळं ट्रॅफिक बंद.

जुनोसमध्ये 'सेट' आणि 'डिलीट' कितीही टाका, बदल कँडिडेट कॉन्फिगरेशनमध्ये (कच्च्या प्रतीत) साठत राहतात, चालू राउटरला त्यांचा पत्ताही नसतो. इथे आणखी एक खोच आहे: 'सेट'ने नवा आयपी टाकला तर जुना जात नाही, दोन्ही राहतात. जुना 'डिलीट' करावा लागतो. आयपी, रूट सगळं टाकून झालं की 'शो | कंपेअर' द्या. काय वाढलं, काय गेलं ते + आणि - लावून समोर येतं. मग 'कमिट कन्फर्म्ड ५'. पाच मिनिटांत पुन्हा लॉगिन करून 'कमिट' दिलं नाही, तर राउटर स्वतःच आधीच्या कॉन्फिगरेशनवर परततो, रीबूटशिवाय. आकडा दिला नाही तर मुदत दहा मिनिटांची. माझ्या मते जुनिपर शिकताना सगळ्यात आधी हीच कमांड अंगवळणी पाडावी.

सेव्ह करण्याचंही तसंच. सिस्कोत बदल लागू झाला तरी 'राइट' दिल्याशिवाय तो रीबूटनंतर टिकत नाही. जुनोसमध्ये 'कमिट' दिलं की लागू आणि सेव्ह एकदमच. मात्र कंपनीच्या नावावर जाऊ नका, सिस्कोच्याच आयओएस एक्सआरमध्येही 'कमिट' लागतं.

जुनिपरची बाजू सगळीच सोयीची नाही. साध्या 'कॉन्फिगर'मध्ये कँडिडेट सगळ्यांचा एकच असतो. तुम्ही अर्धवट बदल ठेवून चहाला गेलात आणि दुसऱ्याने त्याच्या कामासाठी 'कमिट' दिलं, तर तुमचे बदलही त्याच्याबरोबर लागू होतात. आत शिरताना दुसरं कोणी एडिट करत असेल तर राउटर त्याचं नाव दाखवतो, पण ती ओळ वाचतो कोण? एका राउटरवर अनेकांचे हात असतील तर 'कॉन्फिगर प्रायव्हेट' किंवा 'कॉन्फिगर एक्सक्लुझिव्ह' वापरा. पहिल्यात प्रत्येकाला कँडिडेटची वेगळी प्रत मिळते, दुसऱ्यात तुमचं होईपर्यंत बाकीच्यांना बदल करता येत नाहीत.