धूर दिसला, पण निरोप कसा धाडायचा?

१९१० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या आयडाहो-मोंटाना भागात वणव्यांनी दोनच दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल खाल्लं. पंचाऐंशीच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर डोंगरमाथ्यांवर टेहळणीचे मनोरे वाढले, पण मनोऱ्यावरून पलीकडची दरी दिसत नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर लष्कराकडे विमानं आणि वैमानिक मोकळे झाले, तेव्हा १९१९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या जंगलांवर त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या.

वरून धूर चटकन दिसे. अडायचं ते खाली कळवण्यापाशी, कारण सुरुवातीला विमानात रेडिओच नव्हता. वैमानिक छोट्या पॅराशूटला चिठ्ठी बांधून टाकत, किंवा सपाट जागा बघून उतरत आणि फोन शोधत. काहींनी सोबत कबुतरं नेली! विमानाने हेरलेली आग कबुतराने कळवायची, यावर तेव्हाही कोणीतरी हसलं असणारच. कॅनडात, क्वेबेकमध्ये, त्याच वर्षी स्टुअर्ट ग्रॅहम यांनी उडत्या नौकेतून, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून, टेहळणी सुरू केली. तिथे तळी भरपूर, त्यामुळे उतरण्याचा प्रश्न निम्मा सुटला.

रेडिओ आला, पण दाट धुराआड आगीची नेमकी कड कुठे आहे, हे डोळ्यांना कळेना. यावर १९६० च्या दशकात मोंटानातल्या मिझूला इथल्या प्रयोगशाळेने अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचा, म्हणजे तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या पण डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा, उपाय शोधला. जळतं लाकूड ३ ते ५ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात झळाळतं आणि या किरणांना धूर फारसा अडवत नाही. उन्हाने तापलेला खडक फसवतो, म्हणून आणखी एका पट्ट्यात मोजून ताळा घ्यायचा आणि शक्यतो रात्रीच उडायचं. तरी घोडं पुन्हा निरोपापाशीच अडलं. विमान उतरायचं, टिपलेल्या चित्रांची फिल्म गाडीने छावणीत जायची, मग जाणकार हाताने नकाशावर आगीची सीमा काढायचे. तोवर आग पुढे सरकलेली असे.

हा उशीर खऱ्या अर्थाने मोडला तो नासाच्या 'इखाना' या चालकरहित विमानाने. २००७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या वणव्यांवर ते तासन्‌तास घिरट्या घालत होतं आणि उपग्रहामार्गे चित्रं काही मिनिटांत खाली पोचत होती.

आता उष्णता टिपणारे लहान ड्रोन अग्निशमन पथकांकडेही असतात. डोकेदुखी आहे ती हौशी लोकांच्या ड्रोनची. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्‌स वणव्यावर पाणी टाकणाऱ्या कॅनडाच्या विमानाला असाच एक ड्रोन धडकला. पंखाला भोक पडलं आणि ऐन आगीत ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर ठेवावं लागलं.