घटनेपासून दृष्टिकोनाकडे: विवेकनिष्ठ विचारपद्धतीची पार्श्वभूमी

समुपदेशकाकडे गेलेल्या माणसाला आज एक प्रश्न बहुधा विचारला जातो: घडले ते कळले, पण ते घडत असताना तुम्ही स्वतःशी काय म्हणत होतात? सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी मानसोपचारात या प्रश्नाला असे मध्यवर्ती स्थान नव्हते. अमेरिकेत तेव्हा फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषणाचा मोठा दबदबा होता. रुग्णाने कोचावर पडून बालपण, स्वप्ने आणि मनात येईल ते सांगावे, विश्लेषकाने बहुतांशी ऐकावे आणि हे वर्षानुवर्षे चालावे, अशी रीत होती. ही रीत मोडून रुग्णाच्या आजच्या विचारांना थेट हात घालणाऱ्यांत अल्बर्ट एलिस यांचे नाव आधी घ्यावे लागते. विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून महाराष्ट्रात परिचित असलेली पद्धत त्यांचीच आहे.

एलिस यांचा जन्म 27 सप्टेंबर 1913 रोजी पिट्सबर्ग येथे झाला आणि ते न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढले. लहानपणी मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्यांना वारंवार रुग्णालयात राहावे लागले आणि आईवडील क्वचितच भेटायला येत. पुढे त्यांचा स्वभाव कमालीचा बुजरा झाला. चारचौघांत बोलण्याची आणि विशेषतः मुलींशी बोलण्याची त्यांना धास्ती वाटे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी या भीतीवर स्वतःच एक प्रयोग केला. ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात रोज जायचे आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की तिच्याशेजारी बसून बोलायला सुरुवात करायची, असा नेम त्यांनी महिनाभर पाळला. त्यांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे अशा 130 स्त्रिया त्यांना भेटल्या. 30 जणी लगेच उठून गेल्या आणि उरलेल्या 100 जणींशी ते बोलले. भेटायला येण्याचे एकीनेच कबूल केले आणि तीही आली नाही. नकारांची अशी रांग लागूनही कोणतेच आकाश कोसळले नाही आणि त्यांची भीती मात्र पार ओसरली. केवळ विचार करून भागत नाही, भीती वाटते तीच गोष्ट करून पाहावी लागते, हे सूत्र त्यांच्या उपचारात अखेरपर्यंत टिकले, ते या अनुभवामुळेच असे मला वाटते.

व्यापार विषयातील पदवीनंतर काही वर्षांनी ते मानसशास्त्राकडे वळले. 1947 मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्यांनी मनोविश्लेषणाचे रीतसर प्रशिक्षण घेतले आणि काही वर्षे त्याच मार्गाने उपचारही केले. पण दुःखाचे मूळ बालपणात सापडले तरी रुग्णाचे आजचे वागणे आणि आजचा त्रास बदलत नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा दिसत होते. एखाद्याला लहानपणी बापाने धुडकावले असेल. पण चाळिशीत त्याला कुणी नाकारले की तो कोलमडतो, याचे कारण तो आजही ‘मला नाकारले म्हणजे मी नालायकच’ असे स्वतःला बजावत असतो, या निष्कर्षाला ते आले. 1953 च्या सुमारास त्यांनी मनोविश्लेषण सोडले आणि 1955 मध्ये स्वतःची पद्धत सुरू केली.

या निष्कर्षाला जुना आधार होता आणि एलिस यांनी तो कधी लपवला नाही. पहिल्या शतकात रोममध्ये गुलामीत वाढलेला आणि पुढे ग्रीसमधील निकोपोलिस येथे शाळा चालवणारा स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याने सांगितले होते की माणसांना घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांविषयीची त्यांची मते अस्वस्थ करतात. एलिस यांनी हे तत्त्वज्ञान तरुणपणीच वाचले होते. उपचाराच्या खोलीत ते उपयोगात येईल अशी मांडणी करणे, हे त्यांचे स्वतःचे काम.

ती मांडणी ए-बी-सी या नावाने ओळखली जाते. समजा, भर बैठकीत साहेबांनी एका कर्मचारी स्त्रीची चूक सर्वांसमोर दाखवली आणि तिला रात्रभर झोप लागली नाही. बैठकीतला प्रसंग हा ए आणि उडालेली झोप हा सी. ‘साहेबांच्या बोलण्याने माझी झोप उडाली’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा मधला बी आपल्या नजरेतून सुटतो. या बीमध्ये तिच्या मनातील अलिखित अटी असतात: माझ्या हातून चूक होताच कामा नये, सगळ्यांसमोर माझा मान राहिलाच पाहिजे, तो राहिला नाही तर मी कुचकामी ठरले. त्याच बैठकीत तितकेच बोल ऐकलेला दुसरा सहकारी थोडा खट्टू होऊन घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी चूक दुरुस्त करतो, कारण ‘चूक झाली नसती तर बरे झाले असते’ एवढेच त्याचे म्हणणे असते. पुढचा टप्पा डीचा. येथे उपचारक त्या अटींना आव्हान देतो: चूक होताच कामा नये, हा नियम कोणी केला? एका चुकीवरून संपूर्ण माणूस कुचकामी कसा ठरतो? याला पुरावा काय?

एलिस यांच्या विचारांतला सर्वांत मोलाचा भाग मला येथेच दिसतो. त्यांनी इच्छा आणि आग्रही मागणी यांत भेद केला. यश हवेसे वाटणे, मान मिळावा असे वाटणे यात अविवेकी काही नाही. त्या इच्छेचा हट्ट झाला की यातना सुरू होतात. सुरुवातीला त्यांनी अशा अविवेकी समजुतींची अकरा-बारा कलमांची यादी केली होती. पुढे ती तीन मागण्यांवर आली: मी उत्तमच ठरलो पाहिजे, इतरांनी माझ्याशी नीटच वागले पाहिजे आणि परिस्थिती माझ्या सोयीचीच असली पाहिजे. याच भेदामुळे ही पद्धत सकारात्मक विचारांच्या उपदेशापासून वेगळी राहते. नोकरी गेली तर दुःख व्हावे, काळजी वाटावी, हे एलिस यांना मान्यच होते. नैराश्याने हातपाय गळून पडणे मात्र टाळता येते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे ‘विचार बदला, सगळे बदलेल’ अशा घोषणेत या पद्धतीला कोंबले जाते, तेव्हा हा बारकावा हरवतो आणि दुःखी माणसाच्या पदरी आनंदी न राहिल्याचा दोषही पडतो.

1956 मध्ये शिकागोच्या अधिवेशनात एलिस यांनी आपली पद्धत मानसशास्त्रज्ञांपुढे मांडली, तेव्हा तिच्यावर उथळपणाचा आरोप झाला. त्यांची रोखठोक, प्रसंगी शिवराळ भाषाही अनेकांना खटकली. तरीही त्यांनी 1959 मध्ये न्यू यॉर्कमध्ये संस्था काढली आणि तेथे शुक्रवारी संध्याकाळी श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष समुपदेशन करण्याचा परिपाठ कित्येक वर्षे चालवला. 1982 मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या एका पाहणीत सर्वांत प्रभावी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून कार्ल रॉजर्स यांच्यानंतर एलिस यांचे नाव आले. फ्रॉइड तिसऱ्या स्थानावर होते. 1993 मध्ये पद्धतीच्या नावात वर्तनाचाही समावेश झाला आणि आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी) हे आजचे संक्षिप्त नाव रूढ झाले. 24 जुलै 2007 रोजी, वयाच्या 93 व्या वर्षी एलिस यांचे निधन झाले.

एलिस यांची पद्धत आकार घेत होती त्याच सुमारास फिलाडेल्फियात ॲरन बेक वेगळ्या वाटेने जवळपास त्याच ठिकाणी पोहोचत होते. तेही मनोविश्लेषकच होते. नैराश्य म्हणजे स्वतःकडे वळलेला राग, हा सिद्धांत रुग्णांच्या स्वप्नांवरून पडताळण्यासाठी त्यांनी संशोधन हाती घेतले. पण स्वप्नांत रागाऐवजी अपयश आणि गमावलेपण यांचेच विषय पुढे आले. रुग्णांच्या मनात न बोललेल्या, आपोआप उमटणाऱ्या विचारांचा एक प्रवाह चालू असतो, हेही त्यांच्या लक्षात आले. एलिस रुग्णाशी वाद घालत, तर बेक रुग्णाच्या बरोबरीने तो विचार पुराव्यावर तपासत. त्यांनी मोजमापाच्या प्रश्नावल्या आणि नियंत्रित चाचण्या यांवर भर दिल्यामुळे बोधात्मक, म्हणजे विचारांवर काम करणाऱ्या, उपचारांना वैद्यकीय जगात जी मान्यता मिळाली, ती एलिस यांच्या वक्तृत्वाने एकट्याने मिळाली नसती.

महाराष्ट्रात हा विचार आला तो मुख्यतः मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे. त्यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि एलिस यांच्या संस्थेचे फेलो व पर्यवेक्षक होणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांनी पद्धतीवर मराठीत लिहिले आणि शिकवलेही. डॉ. अंजली जोशी यांनी एलिस यांचे आयुष्य चरित्रात्मक कादंबरीतून मराठी वाचकांपुढे आणले. ठाण्यात 1990 मध्ये सुरू झालेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेच्या माध्यमातून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ही पद्धत पालक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांच्यापर्यंत नेली.

या प्रसाराबरोबर एक आक्षेपही चर्चेत येतो: साहेब खरोखरच अन्याय करत असतील, तर त्या स्त्रीने आपला दृष्टिकोन का बदलावा? एलिस यांचे उत्तर असे की अन्याय मान्य करण्यासाठी दृष्टिकोन बदलायचा नसतो. संतापाने किंवा अपमानाने कोसळलेल्या अवस्थेत तक्रार नीट लिहिता येत नाही, ठामपणे बोलता येत नाही, दुसरी नोकरीही शोधता येत नाही. म्हणून आधी सी सावरायचा आणि मग ए बदलता येईल तितका बदलायला लागायचे.